मिरजेचा तंबोरा आणि समुद्रातली तार

तंबोरा घेऊन आगगाडीने प्रवास करणाऱ्या माणसाकडे लोक दोनच तऱ्हांनी पाहतात. हा एक तर मोठा गवई असला पाहिजे, नाहीतर मोठ्या गवयाचा शागीर्द. माझ्या मुद्रेवर गाण्याचे तेज यत्किंचितही नसल्यामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेसमधल्या आमच्या डब्याने मला शागिर्दांत जमा केले आणि आमच्या सौभाग्यवतींना आदराने खिडकीजवळची जागा दिली. रात्रभर मी भोपळ्याला पोटाशी धरून बसलो होतो. कल्याणपासून मिरजेपर्यंत एका माणसाने मला तीनदा विचारले, "वीणा आहे का?" तिसऱ्यांदा मी "होय" म्हणालो.

तंबोरा सौभाग्यवतींचा. सासऱ्यांनी १९९९ साली मिरजेहून मुद्दाम आणवलेला. पुढे संसार वाढला, जागा होती तेवढीच राहिली, आणि तंबोऱ्याची जागा टेलिफोनने घेतली. बेंगळुरूमध्ये १९७९ साली विजेवर चालणारा तंबोरा निघाला होता. आता तर तोच तंबोरा फोनच्या काचेत फुकट मिळतो. तो कधी उतरत नाही, त्याची तार तुटत नाही, त्याला गवसणी शिवावी लागत नाही आणि पाहुणे आले तर त्याला पलंगाखाली सारावे लागत नाही. अशा गुणी तंबोऱ्यापुढे भोपळ्याच्या तंबोऱ्याचा काय निभाव लागणार? तो कपाटामागे उभा राहिला तो राहिलाच. यंदाच्या श्रावणात सौभाग्यवतींना काय वाटले कोण जाणे, त्यांनी गवसणी काढली, तारा जुळवल्या आणि छेडल्या. तंबोरा बोलेना. म्हणजे आवाज आला. पण लाकडी फळीवर बोट आपटल्यासारखा. जवारी गेली होती आणि भोपळ्याला मानेखाली केसाएवढी चीरही पडली होती.

सासऱ्यांच्या पावतीवरचा फोन नंबर केव्हाच बंद झालेला. तेव्हा आमच्या कन्येने रात्री अकरा वाजता इंटरनेटवर मिरजेतले ते घर शोधून काढले आणि निरोप धाडला. दहा मिनिटांत उलट निरोप आला : "तबलीच्या कडेला आतून आकडा लिहिलेला असेल. टॉर्च लावून फोटो पाठवा." आकडा खरोखरच निघाला. तो पाठवल्यावर पाच मिनिटांत एका जुन्या वहीच्या पानाचे छायाचित्र आमच्या हातात. सासऱ्यांचे नाव, भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांचे माप आणि शेवटी मोडीसारख्या वळणाचा एक शेरा. शेऱ्याचा अर्थ खाली टाइप केला होता : "मुलीसाठी. स्वर पांढरी चार. जवारी गोड ठेवणे."

सौभाग्यवती बराच वेळ ते पान पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "मिरजेला जायचं."

पहाटे मिरज जंक्शनवर उतरलो. कोल्हापूर, पुणे, पंढरपूर आणि बेळगाव या चारी दिशांच्या गाड्या येथे भेटतात. २०१६च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन गेलेली आगगाडी भरली गेली तीही येथेच. गाव दवाखान्यांसाठी प्रसिद्ध. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय काढले तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतले आणि कर्नाटकातले आजारी लोक मिरजेचा रस्ता धरतात. त्यामुळे रिक्षावाल्याने पहाटेच्या अंधारात गवसणीतल्या त्या लांबलचक आकृतीकडे पाहून हळूच विचारले, "दवाखान्यात का?" मी म्हणालो, "होय, पण तंबोऱ्यांच्या." त्याने एक अक्षर न बोलता रिक्षा सतारमेकरांच्या गल्लीकडे वळवली.

गल्ली आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गल्लीसारखीच. फरक वर पाहिल्यावर कळतो. माड्यांवर आणि ओसऱ्यांवर भोपळे लटकलेले. हे भाजीचे भोपळे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भीमाकाठच्या रानांतून येणारे, कडू, जाड सालीचे. पुरुषी तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो. तो वेलावरच वाळू द्यायचा, मग येथे आणून महिनोनमहिने टांगून ठेवायचा. घाई केली तर भोपळा आपला राग वर्षा-दोन वर्षांनी काढतो. दांडीला तुणीचे लाकूड. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गुलू, भोपळ्याच्या तोंडावर बसते ती तबली, तिच्यावर घोडी. पाटीवर सतारमेकर हे आडनाव इतक्या दारांवर की नाव वाचल्याशिवाय घर सापडू नये.

या आडनावाच्या मागे शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या लढाया संपल्या आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही. त्याच सुमारास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने गवयांची मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. मिरज संस्थानच्या पटवर्धनांनी आश्रय दिला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई, जो स्वतः वाद्याच्या दुरुस्तीत वाकबगार होता, तो मिरजेत राहू लागल्यावर या गल्लीचा कान आणखी तयार झाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा बदलायची वेळ या गल्लीवर पूर्वी एकदा येऊन गेली आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची हकीकत नीट समजते.

आमचे सतारमेकर चाचा पंचाहत्तरीच्या घरातले. जमिनीवर बसून, एका पायाच्या अंगठ्यात दांडी धरून काम चाललेले. त्यांनी गवसणी काढली, तंबोऱ्याच्या पोटावर टिचकी मारली आणि ओळखीचा नातेवाईक भेटावा तसे म्हणाले, "अरे, हा होय! वाळवी लागली नाही हे नशीब. ताई, याला कोपऱ्यात कोंडला होता ना तुम्ही?" सौभाग्यवतींनी मान खाली घातली. "दोन दिवस लागतील," चाचा म्हणाले आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

ते दोन दिवस मी त्या ओसरीवर काढले. भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी, एका कोनाड्यात अगरबत्ती, आणि तिच्या शेजारीच हिरवे दिवे मिचकावणारी एक करडी पेटी. त्या पेटीला दारावरून आलेली एक बारीक तार जोडलेली. तिची व्यवस्था चाचांच्या पुतण्याकडे. तो सांगलीच्या महाविद्यालयात शिकलेला, सकाळी तबल्या घासतो आणि दुपारनंतर तारेच्या पेटीसमोर बसतो.

"यातून येतं तरी काय?" मी विचारले.

"काका, निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक यातून येतं," तो म्हणाला.

पूर्वी काय होते? पुण्या-मुंबईचा गवई पत्र लिहायचा, मनिऑर्डरीने विसार पाठवायचा, आणि वाद्य न्यायला स्वतः यायचा किंवा शागिर्दाला पाठवायचा. मधले दलाल आणि शहरातले दुकानदार त्यांचा वाटा घेत. परदेशातल्या माणसाला तर मिरजेचा तंबोरा मोठ्या शहरातल्या दुकानातूनच मिळे. कोणी घडवला हे त्याला ठाऊक नसे आणि कोणाच्या घरी गेला हे चाचांना ठाऊक नसे. आता तो मनुष्य थेट या ओसरीवर येतो, म्हणजे त्याचे तोंड येते. चाचा त्याचा आवाज ऐकतात, त्याची पट्टी कोणती ते ठरवतात, टांगलेल्या भोपळ्यांतले तीन काढून त्याला दाखवतात. गिऱ्हाईक भोपळा निवडते. महिन्याभराने सांधा बसल्यावर पुन्हा दाखवतात.

या सगळ्यात एक गंमत झाली होती. पहिल्या पहिल्यांदा तंबोरा तयार झाला की पुतण्या चित्रफोन लावी, चाचा तंबोरा छेडीत, आणि पलीकडचा मनुष्य विचारी, "वाजवताय ना?" चाचा पुन्हा छेडीत. पलीकडे शांतता! चाचांची बोटे हलताना दिसत, आवाज एक क्षण येई आणि विरून जाई. झाले असे होते की, बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून हे यंत्र मागचा गोंगाट गाळते. आणि गोंगाट ओळखायची त्याची खूण म्हणजे जो आवाज एकसारखा, न थांबता चालू राहतो तो. पंख्याची घरघर, मोटारीचा आवाज आणि मिरजेचा तंबोरा त्याला सारखेच! पंधराशे मैलांवरून जो झंकार ऐकवायचा, नेमका तोच ते यंत्र कचऱ्यात टाकत होते. चाचा मला म्हणाले, "साहेब, सत्तर वर्षांत माझ्या तंबोऱ्याला कुणी गोंगाट म्हटलं नव्हतं." शेवटी मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ द्यावा अशी एक कळ त्या यंत्रात पुतण्याला सापडली.

तरीही जवारीचा निवाडा फोनवर होत नाही. जवारी म्हणजे घोडीच्या पृष्ठभागाचा तो अगदी सूक्ष्म उतार, ज्यावर तार घासत जाते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून तो उमाळा जमवायचा. कोणाला जवारी खुली हवी, कोणाला बंद. कानसाचा एक हात जास्त पडला तर घोडी नव्याने घासावी लागते. हे वरचे बारीक स्वर साध्या ध्वनिफितीत गळून जातात, कारण जागा वाचवण्यासाठी तिथे कानाला कमी जाणवणारे सगळे काढून टाकलेले असते. म्हणून पुतण्या चांगला मायक्रोफोन लावून, काहीही न गाळता मुद्रण करतो. अशा मुद्रणाला मिनिटाला दहा एमबी जागा लागते. ते टपालासारखे पत्रात घालून जात नाही. ते एका ठिकाणी ठेवायचे, त्याला कुलूप लावायचे आणि गिऱ्हाइकाला पत्ता कळवायचा. पत्ता ई-मेलने आणि किल्ली फोनवर, कधीही दोन्ही एकाच वाटेने नाही. हा नियम मला फार आवडला. आमच्याकडे कपाटाची किल्ली कपाटावरच असते.

जर्मनीला निघालेला हा झंकार कोणत्या वाटेने जातो ते मी पुतण्याकडून समजून घेतले. लोक समजतात की हे सारे आकाशातून, उपग्रहावरून जाते. तसे नाही. ते बहुतेक सगळे जमिनीतून आणि समुद्रातून, केसासारख्या काचेच्या तंतूंतून, उजेडाच्या रूपाने जाते. मिरजेहून मुंबई, मुंबईत वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशी, मग अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र आणि युरोप. १८७० साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलपासून मुंबईपर्यंत समुद्रातून जी पहिली टेलिग्राफची तार जोडली गेली तीही जवळपास याच वाटेने, एडन आणि सुएझवरून आली होती. वाट जुनीच, प्रवासी नवे. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. २००८च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या तेव्हा आपल्याकडची अर्धी कचेऱ्यांची कामे मंदावली होती, हे काही वाचकांना आठवत असेल.

शिवाय तो झंकार अखंड जात नाही. त्याचे हजारो तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिला जातो, ते वाटेल त्या मार्गाने जातात आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा क्रमाने जुळतात. हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. वाटेत किती अनोळखी यंत्रे हे तुकडे हातांत घेतात! मग त्यात बँकेचा खातेक्रमांक असला, कोणाच्या पासपोर्टाची नक्कल असली, तर?

पुतण्याने शेजारच्या दुकानातून पितळी कुलूप मागवले आणि मला शिकवले. "काका, समजा मला तुमच्याकडून गुप्त वस्तू हवी आहे. मी तुम्हाला हे कुलूप उघडं पाठवतो. किल्ली माझ्याजवळच. तुम्ही वस्तू पेटीत घालून कुलूप दाबून बंद करायचं. आता ते तुम्हालासुद्धा उघडत नाही. वाटेत कुणाच्याही हाताला लागू दे. किल्लीला प्रवास करावाच लागला नाही." हे कुलूप पितळेचे नसून गणिताचे असते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७ साली अमेरिकेत ही युक्ती मांडली. इंग्लंडच्या सरकारी गुप्तलिपी खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स याला ती १९७३ सालीच सुचली होती. पण खाते गुप्त असल्यामुळे बिचाऱ्याला १९९७ पर्यंत ती बाहेर सांगता आली नाही. मूळ संख्या शाळेत असताना मलाही भेटल्या होत्या. त्या पुढे एवढ्या कामाला येतील असे आमच्या मास्तरांनी सांगितले नव्हते.

"म्हणजे चोरी होणारच नाही," मी म्हणालो.

पुतण्या गप्प झाला. चाचांनी कानस खाली ठेवली. "दाखव त्यांना ती पेटी," ते म्हणाले.

पेटी म्हणजे प्लायवूडची एक उभी पेटी होती, माळ्याच्या जिन्याखाली. रिकामी. तिच्यावर जर्मनीतल्या एका गावाचा पत्ता अजून होता. तिची हकीकत २०२२ सालची.

त्या गावात एक बाई हिंदुस्थानी गाणे शिकवतात. त्यांनी दोन तंबोरे मागवले होते, एक स्वतःसाठी आणि एक शिष्यांसाठी. भोपळे त्यांनी स्वतः निवडलेले. तिसरा हिस्सा विसार म्हणून आला, तो नीट पोचला. पाच महिन्यांनी तंबोरे तयार झाले, मुद्रण गेले, बाईंना जवारी पसंत पडली. त्यांनी उरलेले पैसे पाठवल्याचे कळवले. चार दिवस झाले, आठ झाले, पैसे येईनात. पुतण्याने विचारले तेव्हा बाईंचे उत्तर आले, "तुम्हीच तर लिहिलंत की जुन्या खात्याची तपासणी चालू आहे, या नव्या खात्यात पाठवा!"

असे कोणी लिहिले नव्हते. बाईंनी ते पत्र परत पाठवले तेव्हा पाहिले तर अक्षर, नमस्कार, खालची सही, दुकानाचे चित्र सगळे यांचेच. तंबोऱ्यांचे आकडेसुद्धा बरोबर. पत्ताही तोच दिसत होता. पुतण्याने तो मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आले. आडनावातल्या इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारीशेजारी बसवली होती. छोट्या अक्षरांत ती दोन मिळून हुबेहूब 'एम' दिसतात. तुम्ही कागदावर लिहून पाहा.

पण चोराला तंबोऱ्यांचे आकडे कसे कळले? दोन महिन्यांपूर्वी पुतण्याला एका पार्सल कंपनीच्या नावाने पत्र आले होते की, तुमचे पार्सल अडकले आहे, येथे दाबून ओळख पटवा. त्या दिवशी खरेच एक पार्सल अडकले होते. त्याने दाबले, समोर आलेल्या पानावर ई-मेलचा परवलीचा शब्द लिहिला, आणि किल्ली चोराच्या हातात गेली. पुढे दोन महिने तो कोणी मनुष्य या ओसरीवरची सगळी पत्रे वाचत मुकाट बसला होता. त्याने काहीच केले नाही. भोपळा वाळण्याची वाट कारागीर पाहतो तशी त्याने पैसे निघण्याची वाट पाहिली.

समुद्रातल्या तारेवरचे गणिताचे कुलूप कोणी फोडले नव्हते. ते अजूनही शाबूत होते. बाईंच्या ब्राउझरवर कुलपाचे चित्रही असणार. पण ते चित्र एवढेच सांगते की वाटेत कोणी डोकावत नाही. पलीकडे बसलेला माणूस कोण, हे ते सांगत नाही.

१९३० या क्रमांकावर तक्रार झाली, बाईंनी त्यांच्या पोलिसांकडे केली, बँकांनी एकमेकींना पत्रे लिहिली. पैसे तिसऱ्याच देशातल्या खात्यात गेले होते आणि तेथून त्याच दिवशी काढले गेले होते. ते आले नाहीत.

आता प्रश्न असा की, नुकसान कोणाचे? बाईंनी पैसे दिले होते. चाचांना ते मिळाले नव्हते. कायद्याने काय ठरले असते ते असो. गल्लीत दोन तट पडले. एक म्हणे, पैसे आले नाहीत तर माल जायचा नाही, वाद्ये दुसऱ्याला विका. दुसरा म्हणे, आपल्या घराची किल्ली हरवली, भरपाई आपणच केली पाहिजे. पुतण्या चार दिवस जेवला नाही आणि तारेची ती पेटी भिंतीवरून उपटायला निघाला होता.

"मग तुम्ही काय केलंत?" सौभाग्यवतींनी विचारले.

"एक तंबोरा पाठवला," चाचा म्हणाले. "विसारात लाकूड-भोपळ्याचा खर्च निघत होता. मजुरी माझी गेली. दुसरा ठेवला. पण विकला नाही. भोपळा त्या बाईनं निवडला होता, तिच्या पट्टीवर जवारी लावली होती. दुसऱ्याला देऊन काय करू? तिच्या नावाची चिठ्ठी बांधून टांगून ठेवला."

बाईंनी तंबोरा पोचल्याचे कळवले. मग काही दिवसांनी लिहिले की, चूक दोघांच्या दारातून शिरली, तर दुसऱ्या तंबोऱ्याचे पैसे मी हप्त्यांनी देते. अकरा महिने तो तंबोरा टांगलेला होता. चाचा आठवड्यातून एकदा त्याच्या तारा जुळवत. न वाजवता ठेवलेले वाद्य मुके होते म्हणून. शेवटच्या हप्त्यानंतर तोही गेला. प्लायवूडच्या पेटीतून गेला, कारण कच्च्या लाकडाची पेटी परदेशी पाठवायची तर तिला तापवून कीड मारल्याचा शिक्का लागतो. प्लायवूडला लागत नाही. पहिली पेटी लहान पडली म्हणून दुसरी केली. लहान पडलेली ती जिन्याखाली आहे आणि चाचा ती काढू देत नाहीत.

त्यानंतर या घराने शिस्त लावली. ई-मेलला परवलीचा शब्द वेगळा, आणि तो कोणाला कळला तरी पुतण्याच्या फोनवर होकार दिल्याशिवाय दार उघडत नाही. भिंतीवरच्या पेटीला कंपनीने दिलेला शब्द बदलला. खातेक्रमांक पहिल्याच अंदाजपत्रकावर छापतात आणि खाली लिहितात : "हा बदलणार नाही. बदलला असे पत्र आले तर ते आमचे नव्हे, फोन करा." मोठी रक्कम येण्यापूर्वी अगदी थोडी रक्कम मागवतात, ती पोचली की चाचा चित्रफोनवर येतात आणि मगच बाकीची. दारावरच्या चौकटी-चौकटींच्या छापाखाली पुतण्याने मराठीत लिहून ठेवले आहे : "पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही." हे वाक्य आमच्या सोसायटीच्या दारावरही लावायला हवे. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर याच एका गोष्टीत चाळीस हजारांना बुडाले.

आणि वही? तिची हकीकत वेगळी. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. ते या गल्लीत आले नाही. पण सांगलीतल्या नातेवाइकांच्या घरातले कागद लगदा होऊन निघालेले पुतण्याने पाहिले. परत आल्यावर त्याने चाचांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या साऱ्या वह्यांची पानन् पान छायाचित्रे काढली आणि कुलूपबंद करून दोन ठिकाणी ठेवली. चाचा तेव्हा रागावले होते. मापे म्हणजे घराण्याची विद्या. ती कुठल्या आभाळात टांगतोस म्हणून. आमच्या सासऱ्यांचा शेरा त्याच आभाळातून आला.

संध्याकाळी आम्ही मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. आवारात अब्दुल करीम खाँसाहेब चिरविश्रांती घेत आहेत. १९३७ साली दक्षिणेत, आगगाडीच्या प्रवासात एका लहानशा स्टेशनावर त्यांचे देहावसान झाले आणि त्यांना मिरजेला आणले गेले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई येऊन गातात. त्या संध्याकाळी कोणी गात नव्हते. एक मुलगा पायरीवर बसून फोनवर क्रिकेट पाहत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी आमचा तंबोरा सौभाग्यवतींच्या हाती दिला. त्यांनी पंचम छेडला, मग जोड, मग खर्ज. त्या ओसरीवर काय झाले ते मला लिहिता येणार नाही; मी शागिर्दांतला. एवढे सांगतो की, समोरच्या घरातल्या कानशीचा आवाज थांबला. सौभाग्यवतींनी डोळे मिटून घेतले होते.

मी पैसे द्यायला फोन काढला. फोनवरचे चक्र फिरत राहिले. पुतण्याने भिंतीकडे पाहिले. पेटीतले हिरवे दिवे तांबडे झाले होते. बाहेर चौकशी केली तेव्हा कळले की, कोपऱ्यावर गटाराचे काम चालू होते, तिथल्या यंत्राने काचेची तार तोडली. समुद्राच्या तळाशी निर्धास्त असलेली तार मिरजेच्या गटारात बळी पडली! खिशातले रोख पैसे लॉजवाल्याने नेलेले. पैसे काढायच्या यंत्रापाशी गेलो तर तेही त्याच तारेवर जगणारे. मी ओशाळून परत आलो आणि तंबोरा ठेवून जातो म्हणालो.

"ठेवून जाऊन कसं चालेल?" चाचा म्हणाले. "ताईंची पट्टी लावलीय त्याला. पोचल्यावर पाठवा."

"अहो, पण तुम्ही एवढं पोळलात..."

"वहीत नाव आहे तुमच्या सासऱ्यांचं," ते म्हणाले आणि गवसणीची नाडी बांधू लागले.

रात्रीची महालक्ष्मी पकडली. सांगली गेली. किर्लोस्करवाडी मागे पडल्यावर फोनला जाग आली. मी आधी एक रुपया पाठवला. पलीकडून लगेच फोन आला. पुतण्याचा असेल म्हणून उचलला तर चाचा.

"एक रुपया कुणाचा आलाय?"

"माझाच. नाव बरोबर दिसतंय का बघत होतो."

"शाबास," चाचा म्हणाले. "आता बाकीचे पाठवा. आणि साहेब, तंबोरा आडवा ठेवला नाही ना?"

मी बर्थखाली पाहिले आणि घाईघाईने त्याला उभा केला.